मापात पाप

गेल्या महिन्यात कल्याणला आपल्या पोरांची बैठक झाली. एका कॉलेजात आरक्षणाला भीक म्हणणाऱ्या गड्याचं भाषण ठरलेलं. पोरं तापलेली. "असला जातिवादी, अतिरेकी माणूस कॉलेजात पाय ठेवता कामा नये. मंडप उधळू!"

हे शब्द मी आधी वाचलेत. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्रीय मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी स्मृती इराणींना पत्र धाडलं. हैदराबाद विद्यापीठ जातिवादी, अतिरेकी, राष्ट्रद्रोही राजकारणाचा अड्डा झालंय म्हणे. दाखला कशाचा, तर आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशननं याकूब मेमनच्या फाशीविरुद्ध केलेल्या निदर्शनांचा. मारहाणीचाही आरोप होता. पाच पोरं वसतिगृहाबाहेर पडली. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. म्हणजे हा शिक्का कुणाच्या कपाळावर बसतो ते आपल्याला ठाऊक आहे. तरी तोच शिक्का आपण हातात घ्यायचा?

एक पोरगा उसळला, "बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली नाही काय?"

जाळली. २५ डिसेंबर १९२७, महाड. पण ती कुणी वाचू नये असा हुकूम सरकारकडं मागितला नाही. पुढं स्वतः तिच्यातले श्लोक काढून तिची चिरफाड केली. आता २०१० बघा. रोहिंटन मिस्त्रींच्या कादंबरीच्या प्रती विद्यार्थी सेनेनं जाळल्या. चला, तो त्यांचा निषेध. पण कुलगुरूंनी ती मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातूनच काढली. म्हणजे ठाण्या-डोंबिवलीच्या बी.ए.च्या पोरांपुढूनही गेली. जाळणं वेगळं, काढायला लावणं वेगळं. 'रिडल्स'मधलं राम-कृष्णाचं परिशिष्ट काढा म्हणून १९८८ साली हेच चाललं होतं. तेव्हा आपण लाखांनी मुंबईत उतरलो.

आणि २०१२? शंकरच्या १९४९ च्या व्यंगचित्रात गोगलगायीवर बाबासाहेब, मागं चाबूक घेतलेले नेहरू. राग यायचाच, मलाही आला. पण पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड आपल्यातल्याच काहींनी केली. मी तेव्हा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून वाटते.

पोरांचं एक म्हणणं मात्र खोडता येत नाही. त्या वक्त्याला बोलल्याची किंमत मोजावी लागत नाही. हार मिळतो, पाकीट मिळतं. आपलं पोरगं बोललं की स्कॉलरशिप अडकते, खोली जाते. माप एक ठेवा म्हणणं सोपं, पण जमीनच उताराची आहे. आणि उद्या तो "वस्तीत घुसा, झोडा" म्हणाला तर ते मत नव्हे. तिथं ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आहे, पोलिसात जायचं. नुसतं भीक म्हणाला तर? पहिल्या रांगेत बसायचं. सफाईच्या कामात कुणाचं आरक्षण आहे, विचारायचं.

दोन तास भांडून ठरलं, मंडप उधळायचा नाही. दुसऱ्या दिवसासाठी तोच हॉल आपल्या वक्त्याला मागायचा, लेखी. उठता उठता एका पोरीनं विचारलं, "आणि नाही दिला तर?"

अर्ज दिलाय. पोचपावतीवर शिक्का घेतलाय. उत्तर अजून आलेलं नाही.