लेस कुठे टिकते: भिंतीवर की भिंतीआड?

हाताने विणलेली लेस इमारतीच्या आधाराने टिकवायची, तर आधी ठरवावे लागते की कला वस्तूत असते की करणाऱ्याच्या हातात. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये माहिती असणे आणि करता येणे यांतला फरक मांडला. लेस दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यावर हात बसावा लागतो.

नॉटिंगहॅम कंटेम्पररी या २००९ मध्ये उघडलेल्या कलादालनाच्या काँक्रीटच्या भिंतींवर कारुसो सेंट जॉन या वास्तुविशारदांनी तिथल्या जुन्या लेसचा नमुना उमटवला आहे. इमारत देखणी आहे. मात्र ती भिंत न्याहाळून कुणाला टाका घालता येणार नाही, आणि नॉटिंगहॅमचे नाव झाले तेही यंत्रावरच्या लेसमुळेच.

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पोदेस्ताच्या, म्हणजे नगरप्रशासकाच्या, वाड्यात १८७२ पासून लेसची शाळा भरत असे. ती १९७० मध्ये बंद पडली आणि १९८१ मध्ये त्याच वाड्यात संग्रहालय आले. छप्पर तेच राहिले, शिकणाऱ्या मुली गेल्या.

क्रोएशियातील ह्वार गावी मात्र बेनेडिक्टाइन धर्मभगिनी आजही मठात घायपाताची लेस करतात. ताज्या पानाच्या गाभ्यातून बारीक पांढरे तंतू काढायचे आणि पुठ्ठ्यावर त्यांची जाळी विणायची, अशी रीत. त्या देशात ही लेस दुसरीकडे कुठेच होत नाही. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत प्रार्थना आणि वाचनाबरोबर हातकामालाही नेमून दिलेले तास आहेत. म्हणजे मठ नुसती जागा देत नाही, बाजारभावाने न मोजलेला वेळही देतो; अशा कामाला तोच सर्वांत महाग पडतो. या आडोशाची किंमतही आहे: नवी धर्मभगिनी आली नाही, तर कला तिथेच थांबते.

शिवाय भिंत कष्ट झाकतेही. आंध्रातील नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस रुजवली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिले, की घरी बसून विणणाऱ्या तिथल्या बायकांना गृहिणी समजले जाई, त्यांचे काम फावल्या वेळचे ठरे आणि मजुरी तुटपुंजी राही. घराने कला जपली, पण कामकरीण म्हणून त्यांची गणतीच होऊ दिली नाही.