तोच हा देवदत्त

बालपणी जे अद्भुत वाटले ते प्रौढपणी हास्यास्पद वाटू लागले, तर या दोहोंतील खरी दृष्टी कोणती? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु आपल्याच पूर्वायुष्याशी आपण किती प्रामाणिक राहावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

माझे बालपण प्राणहितेच्या अलीकडे, बेज्जूरला गेले. ते गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते; २०१६ पासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू, असा आमचा व्यवहार. १९९१ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘आदित्य ३६९’ हा तेलुगू चित्रपट निघाला, तेव्हा वडिलांनी मला कागजनगरला नेऊन तो दाखविला. त्यातील नायक कालयंत्रात बसून कृष्णदेवरायाच्या विजयनगरात जातो आणि पुढे इसवी सन २५०४ गाठतो. तेथे महायुद्धानंतर उरलेली माणसे भूगर्भात राहत असतात. नायक आणि राजा, दोन्ही भूमिका नंदमूरी बालकृष्ण यांच्याच. त्यानंतर कित्येक रात्री मी अंथरुणात त्याच यंत्रात बसून प्रवास केला.

२०२५ साली तो चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला. नागपुरास वाढलेल्या माझ्या मुलास घेऊन मी तो हैदराबादेस पाहिला. कालयंत्राचे दिवे लुकलुकू लागताच मुलगा हसला. मलाही हसू आले. आणि लगोलग लाज वाटली. ज्या बालकाने त्या यंत्रावर जीव टाकला होता, त्यालाच मी चारचौघांत हसलो होतो.

वेदान्तात ‘तोच हा देवदत्त’ असा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. पूर्वी अन्यत्र पाहिलेला मनुष्य आज येथे भेटला, तर तेव्हाचा देशकाल आणि आताचा देशकाल हे परस्परविरोधी अंश बाजूस सारून आपण त्याला ओळखतो. माझ्या बाबतीत तेव्हाचे भाबडेपण आणि आताची चिकित्सा दूर केली, तर काय उरते? उरतो तो विस्मय. यंत्र लाकडापत्र्याचे होते, हे आजचे ज्ञान खरेच आहे. ते टाकून देण्याचे कारण नाही. परंतु बालकाचा आनंद काही पत्र्याविषयी नव्हता. देवळातील मूर्ती पाषाणाची आहे हे कळल्याने लहानपणीचा नमस्कार खोटा ठरतो काय?

मध्यंतरानंतर मुलाने हळूच विचारले, “बाबा, राजा काय म्हणतोय?” मी वाकून त्याच्या कानात अर्थ सांगू लागलो, आणि एकाएकी आठवले, कागजनगरच्या त्या अंधारात माझे वडीलही असेच वाकून अवघड तेलुगू वाक्ये मला मराठीत सांगत होते. त्यांनाही ते यंत्र पत्र्याचेच दिसले असणार. तरीही ते हसले नाहीत. माझ्या विस्मयाला धक्का लागू नये म्हणून तीन तास त्यांनी आपले शहाणपण आवरून धरले.

दुसऱ्याची श्रद्धा आपल्याला लहान वाटते, तेव्हा एवढा संयम आपण राखू शकतो काय? चित्रपट संपला तेव्हा मुलगा हसत नव्हता. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता, आणि मीही त्याला काही विचारले नाही.