शेजारच्या खाटेवर कोण आहे?



रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबतो. एकमेकांची विचारपूस करतो. "आई कशी आहे?" असे कुणी विचारले की आमच्या घरातल्यांची नजर खाली जात असे. कारण आई घरी नव्हती. ती वृद्धाश्रमात होती, आणि आजही तिथेच आहे. "बरी आहे" एवढेच बोलून आम्ही विषय बदलत असू. आज मात्र याच विषयावर थोडे बोलावे असे वाटते, कारण हा प्रश्न आता आमच्या एकट्याच्या घराचा राहिलेला नाही.

चिकलठाण्यात राहणाऱ्या अनेक कुटुंबांची कहाणी सारखीच आहे. वैजापूर, गंगापूर तालुक्यांतल्या खेड्यांतून आपली माणसे इकडे आली. एमआयडीसीत काम मिळाले. दोन खोल्यांचा संसार झाला. आता नवरा एका शिफ्टला, बायको दुसऱ्या शिफ्टला, मुले शाळेत. अशा घरात एके दिवशी आई न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते आणि डॉक्टर सांगतात, "यांना आता एकटे ठेवू नका." मग नोकरी कोणी सोडायची? घराचा हप्ता कोणी भरायचा? आम्ही सहा महिने कसेबसे निभावले. शेजारी किल्ली ठेवली. पण दुपारी घरी यावे तर आई ओल्या कपड्यांत, तहानलेली बसलेली. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा आम्ही निर्णय घेतला.

निर्णय घेतला, पण मन शांत झाले नाही. "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" ही चौथी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती आम्ही मोडली का?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका वाईट रिवाजावर बोट ठेवतो. आईवडिलांना जे द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर केले की मुलगा मोकळा होत असे. वर धार्मिक म्हणूनही मिरवत असे. येशूला याची चीड आली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आईवडील कोणत्या छपराखाली राहतात हा येशूचा मुद्दा नाही. त्यांच्या वाट्याचे दुसरीकडे वळवून वर चांगले नाव मिळवायचे, हा त्याचा आक्षेप आहे. आम्ही स्वतःला तपासले. वृद्धाश्रमाचे पैसे महिन्याच्या महिन्याला जात होते. पण आईच्या वाट्याचा वेळ कुठे जात होता? पैसे भरल्याची पावती हेच आमचे 'कुर्बान' झाले होते का?

कायदासुद्धा इथपर्यंतच येऊन थांबतो. आपल्या देशात २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुले सांभाळत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, आणि म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या राज्यात तर त्याआधीच, १९९५ साली, मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली होती. हे सगळे हवेच आहे. पण दरमहा रक्कम द्या असा हुकूम न्यायाधिकरण काढू शकते; रविवारी दुपारी तासभर आईजवळ बसा असा हुकूम कोणी काढू शकत नाही. ते मनापासूनच व्हावे लागते.

म्हणून आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. खरे सांगायचे तर पहिले वर्षभर आम्ही तपासनीस होऊन जात होतो. चादर का बदलली नाही? नखे का वाढली? चहा गार कसा? मावशींना आम्ही प्रश्न विचारून भंडावत असू. एका मावशीकडे किती माणसे आहेत, हे विचारायचे आम्हाला कधी सुचलेच नाही.

आणि मग लाडवांची गोष्ट घडली. आईला रव्याचे लाडू आवडतात म्हणून आम्ही डबा भरून नेला. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना भेटायला कोणी येत नसे. आम्ही डबा उघडला की त्या भिंतीकडे तोंड करून निजत. आम्हाला अवघडल्यासारखे व्हायचे. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही मधला पडदा ओढून घेतला. पडद्यापलीकडून आवाज आला, "पडदा कशाला ओढता? मी काही मागणार नाही."

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी घरी येताना जालना रोडवर रिक्षात आम्ही कोणी बोललो नाही. आईचा मान राखायला आम्ही गेलो होतो आणि तिच्या शेजारणीचा अपमान करून आलो होतो. एका आज्ञेचे पालन करताना दुसरी, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची, आम्ही पडद्याआड ढकलली होती. आमच्या हातून झालेली ही चूक आम्ही लपवत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पडद्याला हात लावला नाही. आजींना साखरेचा आजार आहे असे मावशींनी सांगितले, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा खाऊ नेला. हळूहळू भेटीच्या वेळेत येणाऱ्या इतर कुटुंबांशी ओळख झाली. चार घरे एकत्र आली. कोणी हिंदू, कोणी बौद्ध, एक कुटुंब मुसलमान. आम्ही व्यवस्थापकांना विचारून एक साधी पाळी ठरवली: प्रत्येक घराने आपल्या वारी आपल्या माणसाबरोबर आणखी दोघातिघांकडे पाहायचे.

यात मोठे असे काही नाही. पण लहान गोष्टींनी किती फरक पडतो ते सांगण्यासारखे आहे. जेवणाच्या वेळी मदतीला दोन हात वाढले की ज्यांना सावकाश घास लागतो त्यांची ताटे अर्धी भरलेली परत जात नाहीत. चष्मे सगळे सारखेच दिसतात. त्यांच्या काडीवर नावाची पट्टी चिकटवली तेव्हा कळले की एक आजोबा कित्येक दिवस दुसऱ्याच्याच चष्म्यातून पेपर वाचत होते. एका कुटुंबाने प्रत्येक खाटेशी एक कागद लावला: यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, चहा कसा लागतो, पूर्वी काय काम करीत. 'सात नंबर' म्हणून ओळखले जाणारे आजोबा कंपनीत टर्नर होते हे कळल्यावर मावशी त्यांना 'मिस्त्री' म्हणू लागल्या, आणि आजोबा ताठ बसू लागले.

त्याच आजोबांची पेन्शन अडली होती. ईपीएस-९५ची पेन्शन चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर लोखंडावर काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्रावर अंगठाच उमटेना. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हे आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला माहीत होते. तिने ते अर्ध्या तासात केले. आजोबांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

पथ्येही शिकावी लागली. न विचारता कुणाला खायला घालायचे नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या घशात घास अडकू शकतो. औषधाला हात लावायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. आपली श्रद्धा कुणावर लादायची नाही. आणि नेमलेला दिवस चुकवायचा नाही, कारण वाट पाहणाऱ्याला आपली कारणे दिसत नाहीत, रिकामी खुर्ची तेवढी दिसते. दिवाळीत आणि नाताळात फळे व ब्लँकेटे घेऊन मंडळांची रांग लागते. भर पावसाळ्यात मात्र कोणी फिरकत नाही. म्हाताऱ्या माणसांना भूक, कंटाळा आणि एकटेपणा बाराही महिने असतो.

आपल्या ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या ख्रिस्ती समाजातले पहिले गाऱ्हाणे नोंदलेले आहे, आणि ते म्हाताऱ्या, निराधार बायकांच्या जेवणाचे आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. वाटणारे दुष्ट होते असे तिथे म्हटलेले नाही. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी जवळचे नव्हते त्या सुटून गेल्या, एवढेच. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सात माणसे निवडून त्यांना काम नेमून दिले. दयेलाही पाळी लावावी लागते, हे तेव्हाच कळले होते.

१८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या सें-सेर्व्हां या गावी जान जुगाँ नावाच्या गरीब बाईने एका अंध वृद्धेला घरी आणले, स्वतःची खाट तिला दिली आणि आपण माळ्यावर झोपू लागली. ती वृद्धा तिच्या नात्यागोत्यातली नव्हती. त्या एका खाटेतून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. या सिस्टर्स १८८२ साली कोलकात्यात आल्या. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जान जुगाँ यांना संतपद दिले.

बाहेरच्या देशांतही हा अनुभव आला आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या कुटुंबांना तिथेच एकत्र जमून विचारविनिमय करण्याचा हक्क दिला. २०२० साली कोविडमुळे जगभर अशा घरांची दारे पाहुण्यांना बंद झाली. रोग आत येऊ नये म्हणून ते केले होते, पण आपले माणूस दिसेना म्हणून कित्येकांनी अन्न टाकले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने मग त्याच वर्षी, काळजी घेणारी घरची माणसे म्हणजे नुसते पाहुणे नव्हेत, ती आवश्यक आहेत असे मानून त्यांना आत येण्याची वाट करून दिली.

आता एक आक्षेप. "हे काम पगारी माणसांचे आहे. आपण फुकट केले तर व्यवस्थापन माणसे कमी करील." या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून आम्ही शी-शू, मलमपट्टी, रात्रपाळी यांची जागा घेत नाही. उलट मावशींची संख्या वाढावी, त्यांना सुट्टी मिळावी, हे आम्ही चार कुटुंबे मिळून बोललो. एका घराने बोलले की तक्रार होते, चौघांनी शांतपणे बोलले की विचार होतो. रात्रपाळीला एक मावशी वाढल्या. ज्या मावशींवर आम्ही डाफरत होतो त्या आता आम्ही दिसलो की आधी आईने काय खाल्ले ते सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "स्वतःच्या आईलाच वेळ पुरत नाही, परक्यांना कुठून देणार?" संत पौल तिमथ्याला लिहितो की मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचे ऋण फेडावे, जी खरोखर एकटी आहे तिचा भार मंडळीने घ्यावा. म्हणजे आधी आई, हे बरोबरच आहे. पण आमचा अनुभव असा की शेजारणीला दिलेला वेळ आईच्या वाट्यातून गेला नाही. पूर्वी आम्ही आईसमोर बसून घड्याळ पाहत असू. आता तिघी मिळून गप्पा मारतात, भांडतात, एकमेकींची चौकशी करतात. आम्ही निघाल्यावर आईला सोबत उरते. रविवारचा तास संपतो, सोबत आठवडाभर राहते.

त्या शेजारच्या आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. पहाटे फोन आमच्या घरी आला, कारण वृद्धाश्रमाकडे दुसरा नंबरच नव्हता. त्यांचे अंत्यसंस्कार त्यांच्या धर्माप्रमाणे झाले. आम्ही मागे उभे राहून मनात प्रार्थना केली. नंतर सह्या करताना कागदावर 'मृताशी नाते' असा रकाना आला. आम्ही थबकलो. काय लिहायचे? शेवटी 'शेजारी' असे लिहिले. तो शब्द आम्ही शुभवर्तमानात किती वेळा ऐकला असेल. पण आपल्या हाताने, आपल्या नावापुढे, पहिल्यांदाच लिहिला.

क्रुसावरून प्रभू येशूने आपली आई आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली केली. तो तिचा मुलगा नव्हता. पण त्या घटकेपासून त्याने तिला आपल्या घरी नेले, असे योहान सांगतो. स्वतःच्या आईची चिंता करता करताच येशूने नात्याची कुंपणे मोडली.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा दिवस म्हणून नेमून दिला. संत योआखिम व संत अन्ना यांचा सण त्याच सुमारास असतो. पण आपण जुलैची वाट कशाला पाहायची? आपल्या धर्मग्रामातील ज्यांची माणसे अशा घरांत आहेत त्यांनी लाज बाळगू नये, आणि इतरांनी त्यांना लाजवू नये. दोन-तीन कुटुंबांनी मिळून महिन्यातला एक रविवार ठरवावा. मुलांना बरोबर न्यावे. रिकाम्या हातांनी गेलात तरी चालेल, पण ठरलेल्या दिवशी जा.

आणि तिथे गेल्यावर, आपल्या माणसाजवळ बसण्याआधी, शेजारच्या खाटेकडे एकदा वळून नाव विचारा.

हे प्रभो, आमच्या आईवडिलांचा मान राखायला आम्हाला शिकव, आणि आम्ही जिथे जिथे पडदा ओढून घेतला आहे तो बाजूला सारण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.