वाजविणारा कोण?



आपल्या देहाचे वाद्य करून घ्यावे आणि ते कूडलसंगमदेवाने वाजवावे, अशी विनवणी महात्मा बसवेश्वरांनी एका वचनात केली आहे. नाद ऐकू येतो, वाजविणारा दिसत नाही. मग नादाचे कारण ओळखावे कसे?

हल्ली डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी जगात शिरता येते. तेथे एक चेंडू दुसऱ्याला भिडतो, दुसरा पळतो. आपण म्हणतो, पहिल्याने धक्का दिला. धक्का कोठेच नसतो. दोन्ही चेंडू संगणकच रेखाटतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांनी १९४६ च्या ग्रंथात हे साध्या सरकत्या आकृत्यांवरून दाखविले. स्पर्शाबरोबर दुसरी आकृती हलली की धक्का ‘दिसतो’. मध्ये सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा खंड पडला की दिसेनासा होतो. मन लागोपाठच्या गोष्टींचीच गाठ मारते.

आता देवासकडे पाहा. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाने ग्रासल्यामुळे १९४८ साली माळव्यात आले. गाणे बंद झाले. अंथरुणावरून ते लोकगीते ऐकत राहिले; पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसीन मिळाले आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. लोक म्हणतात, देवासची हवा मानवली. मग गुण कशाचा? नुसते मागेपुढे पाहून हे ठरत नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५ क्षयरोग्यांना हे औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती दिली होती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. अशी तुलना केली म्हणजे कारण हाती लागते.

वाचकहो, तीर्थ घेतले आणि त्याच संध्याकाळी ताप उतरला, की आपण श्रेय तीर्थाला देतो. क्षयाच्या गोळ्या मात्र सहा सहा महिने घ्याव्या लागतात. त्यांचे फळ हळू येते, म्हणून बरे वाटताच त्या सुटतात. रोग उलटतो आणि औषधालाही दाद देत नाही. हा आभासी चेंडूचाच खेळ, पण येथे घरचे माणूस जाते.

वचनकारांनी शुभाशुभ मुहूर्त झुगारले. करस्थळी इष्टलिंग घेऊन अनिमिष दृष्टीने बसाल, तेव्हा स्वतःला विचारा : मी पाहिले काय, आणि मनाने जोडले काय? वाजविणारा तो आहे, हे खरेच. पण तार जुळविण्याचे कायक आपले आहे. घरात कोणाच्या गोळ्या अर्ध्यावर सुटल्या असतील, तर आजच त्याला दवाखान्यात घेऊन जा.