मुठेचं पाणी गाणगापुरी जातं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूरची वारी मी गेली बत्तीस वर्षं करतो आहे. भीमा-अमरजा संगमावर स्नान, औदुंबराला प्रदक्षिणा, दुपारची माधुकरी, निर्गुण पादुकांचं दर्शन आणि येताना संगमाचं तीर्थ बाटलीत भरून आणायचं, हा ठरलेला क्रम. घरी देवघरात ती बाटली वर्षभर असते.

याच बत्तीस वर्षांतली बरीचशी वर्षं मी आणखी एक गोष्ट नेमाने केली. देवघरातलं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवायचं, पिशवीला घट्ट गाठ मारायची, पुलावर स्कूटर उभी करायची आणि पिशवी मुठेत सोडून द्यायची. वर नमस्कारही करायचा. देवाची फुलं कचऱ्याच्या बादलीत कशी टाकणार?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. खरं तर भूगोल शाळेत शिकलो होतो. मुठा पुण्यात मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला आणि तिथून कर्नाटकात गाणगापूरला जाते. म्हणजे पुलावरून ज्या पाण्यात मी पिशवी टाकली, त्याच पाण्याचा काही अंश मी संगमावर ‘गंगे’ म्हणून डोक्यावर घेत होतो. पाणी कुठून येतं हे विचारायची गरज भक्ताला वाटत नाही. ती वाटायला हवी का, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

हे ध्यानात आलं ते निवृत्तीनंतर. पुण्यात जीवितनदी या संस्थेने नदीचे किनारे दत्तक घेण्याचा उपक्रम चालवला आहे. सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीचा किनारा त्यातलाच. शेजारच्या ताई तिथे जायच्या. एका रविवारी सकाळी म्हणाल्या, “काका, नुसते बसून असता, चला की.” गेलो.

पहिल्या दिवशी निर्माल्य वेगळं करण्याचं काम मिळालं. काठावर अडकलेल्या पिशव्या काढायच्या, गाठ सोडायची, फुलं एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे. मातीत पडलेलं फूल थोड्या दिवसांत माती होतं. पिशवीत कोंडलेलं फूल नुसतं सडतं, आणि पाण्यात सडलं तर पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणजे माशांच्या तोंडचा घास काढतं. चौथ्या की पाचव्या पिशवीत फुटक्या काचेची तसबीर निघाली. दत्तमहाराजांची. ती पिशवी माझी नव्हती, पण गाठ अगदी माझ्यासारखी होती. त्या दिवशी मी फार बोललो नाही.

पुढच्या रविवारी सुबाभळीची रोपं उपटायला सांगितली, तेव्हा मात्र मी अडलो. अवधूतांनी पृथ्वीला गुरू केलं आणि पृथ्वीवरच्या पर्वत-वृक्षांकडून परोपकार शिकले, असं भागवतात आहे. मग झाड उपटणं ही सेवा कशी? ताई म्हणाल्या, “काका, सुबाभूळ मध्य अमेरिकेतली. इथे तिचं रान माजतं. तिच्याखाली आपल्या करंजाला, जांभळाला, उंबराला उजेडच मिळत नाही. आपण मारायला नाही आलो, जागा करायला आलोय.” जलपर्णीचंही तेच. ती दक्षिण अमेरिकेतून आली आणि आपण सोडलेल्या सांडपाण्यावर पोसली. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, तिला वाढवलं आपणच. रोप उपटताना हात अजूनही थबकतो, आणि तो थबकावा असंच मला वाटतं. पण नुसतं हळहळून बाजूला उभं राहणं म्हणजे अहिंसा नव्हे, हे पटलं.

आता औदुंबराचं बघा. त्याच काठावर दगडांच्या फटीत उंबराचं एक रोप उगवलं होतं, कोणी न लावता. ‘उंबर फोडून केंबरं काढणे’ असं आपण कुत्सितपणे म्हणतो. पण ते इवलंसं केंबरू फळात शिरलं नाही तर उंबराला बी धरत नाही. पक्षी आणि वटवाघळं ती फळं खातात, विष्ठेतून बी पडतं, ओलाव्याला रुजतं आणि मुळं काठाची माती धरून ठेवतात. गुरूंचा वृक्ष गुरूच लावतात म्हणा ना! आपलं काम एवढंच, की त्याच्या वाटेत येऊ नये. आम्हीही रोपं लावतो, पण पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की त्यातली काही वाहून जातात. आपोआप आलेला तो उंबर मात्र टिकला.

एकजण मला म्हणाले, “अहो, शहराचं मैलापाणी प्रक्रिया न होता नदीत येतं. तुम्ही दहा-वीस लोक पिशव्या वेचून काय होणार?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते काम शासनाचं, महापालिकेचं आहे, आणि त्यासाठी नागरिक म्हणून आग्रह धरलाच पाहिजे. पण मी बँकेत कारकून होतो. दिवसाअखेर हिशेबात एक रुपयाचा फरक आला तरी आम्ही रात्री उशिरापर्यंत व्हाउचरं चाळत बसायचो. एक रुपयाने बँक बुडत नव्हती. पण फरक ठेवून वही मिटली, तर त्या वहीवर सही कोणत्या तोंडाने करायची? नदीचा सगळा हिशेब माझ्या हातात नाही. माझ्या पानावरचा फरक तरी मीच शोधायला हवा.

‘दत्त’ या शब्दाचा अर्थच ‘दिलेला’. अत्रिऋषींनी पुत्र मागितला, तेव्हा भगवंतांनी वस्तू दिली नाही, स्वतःलाच देऊन टाकलं. आणि आपण नदीला काय देतो? नारळ, फुलं, फुटक्या तसबिरी, घरात नको झालेलं सगळं. नको ते देणं म्हणजे दान नव्हे, ते टाकणं. ‘दत्तक’ शब्दातही तेच देणं आहे. किनारा दत्तक घेतला म्हणजे तो आपला झाला असं मी आधी समजत होतो. आता वाटतं, त्या किनाऱ्याला आपणच दिले गेलो. रविवारचे दोन तास, गुडघे दुखत असले तरी.

आमच्या घरचं निर्माल्य आता बाल्कनीतल्या कुंडीत मुरतं. तुळस त्यावर छान आली आहे. गाणगापूरची वारी चालू आहे, तीर्थाची बाटलीही येते. फक्त यंदा संगमावर उतरताना हात जोडून आधी क्षमा मागितली, मग बुडी मारली. दत्तजयंतीला आपण सगळेच महाराजांना फुलं वाहणार. ती फुलं दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हे वाहण्याआधीच ठरवू या. पूजा तिथपर्यंत असते.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!