गावची नोंदवही आणि भट्टीवरचे मूल

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गोवर निघाला की त्याचे खापर वारल्यांच्या अज्ञानावर, भगताच्या अंगाऱ्यावर आणि उशाशी ठेवलेल्या लिंबाच्या पाल्यावर फोडून मोकळे होण्याची रीत आपल्या सुशिक्षित समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, हा आरोप एकवार तपासून पाहावा असेही कोणास वाटत नाही. अज्ञान नाही असे कोण म्हणेल? परंतु सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देण्याचा जो दंडक आहे, तो बारमाही एका ठिकाणी नांदणाऱ्या कुटुंबास गृहीत धरून घातलेला आहे. आणि भातकापणी उरकून, मुकादमाची उचल अंगावर घेऊन, दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा हद्द ओलांडून उंबरगाव-वापीकडे मजुरीस जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे कुटुंब त्या गृहीतात बसत नाही.

जुलैत जन्मलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. त्याचे नऊ महिने एप्रिलात भरतात, तेव्हा ते आईच्या पाठीशी बांधलेले भट्टीवर असते. जूनमध्ये घरी परतल्यावर नर्सबाई त्याला टोचतात, कार्डावर तारीख पडते आणि एक वर्षाच्या आत डोस झाला म्हणून ते मूल अहवालात 'संरक्षित' ठरते. नोंद खोटी नसते. पण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतचा गोवराचा ऐन हंगाम त्या मुलाने भट्टीवरच्या खोपट्यांच्या दाटीत काढलेला असतो आणि भट्टीवरचे शेवटचे दोन महिने तर लस घेण्याजोगे वय होऊनही विनालस काढलेले असतात. ज्या रोगाचा एक रुग्ण बिनालशीच्या समाजात बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो आणि ज्याला आवर घालण्यासाठी शंभरातील पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, त्या रोगापुढे तालुक्याची लसीकरणाची सरासरी फार दुबळी ठरते.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराचा जो उद्रेक झाला, त्यात मुले दगावली आणि सरकारला जादा डोसाचा निर्णय घ्यावा लागला. ज्या भिवंडीच्या आसपास आपली माणसे मजुरीसाठी जातात, तीच ही भिवंडी. पाड्यावर मुळात अर्धपोटी वाढलेल्या, 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलाला गोवर झाला तर फुफ्फुसदाह, अतिसार किंवा अंधत्व त्याच्या वाट्याला येण्याचा धोका कितीतरी वाढतो, ही गोष्ट भिवंडीच्या कारखानदाराइतकीच तलासरीच्या कारकुनानेही ध्यानात घ्यावयास हवी.

आता उपकेंद्रावरचा एक तपशील पाहा. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. ती द्रावणात कालवली की नर्सबाई कुपीवर वेळ लिहितात आणि चार तासांच्या आत न वापरलेली लस टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असल्यामुळे 'आणखी दोन-तीन पोरे जमू द्या' असे म्हणण्याचा मोह होतो आणि मजुरी बुडवून आलेली आई पुढच्या सत्राची तारीख घेऊन परत जाते. पुढच्या सत्राला ती तेथे नसते. वाया जाणाऱ्या चार डोसांचा हिशेब आपले दप्तर चोख ठेवते, परत गेलेल्या मुलाचा मात्र कोणत्याच रकान्यात ठेवत नाही. ही लस जगभर पुरविणारी संस्था आपल्याच पुण्यात आहे. तेव्हा एका मुलासाठी कुपी फोडण्याची ऐपत आपल्याला नाही, असे निदान महाराष्ट्राने तरी म्हणू नये.

संस्थेची वेळ आणि लोकांचे जगणे जुळत नाही, या प्रश्नाचे उत्तर डहाणू तालुक्यातच कोणीतरी पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी पालकांना दूषणे दिली नाहीत, शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहावे आणि मग संस्थेची वेळ ठरवावी, हा क्रम त्यांनी पाळला. आमच्या आरोग्य खात्यात हा क्रम अजून बहुधा उलटाच आहे.

गालगुंडाच्या लशीची तर सरकारी यादीत गणतीच नाही. शहरातील बालरोगतज्ज्ञ पैसे घेऊन गालगुंडासह तिहेरी लस देतात, पाड्यावरच्या मुलाला दुहेरी मिळते. 2024 च्या आरंभी केरळात गालगुंडाने शेकडो नव्हे, हजारो मुले आजारी पडल्यावरही हा भेद तसाच राहिला. त्या वादात येथे शिरत नाही, कारण जी दुहेरी लस हक्काची आहे, तीच अजून वेळेवर पोहोचत नाही.

2026 च्या अखेरीस गोवर व रुबेला देशातून हद्दपार करण्याचा सरकारचा संकल्प आहे. तो मनापासूनचा असेल तर दिवाळीपूर्वी, मुकादमाची उचल वाटली जाते त्याच सुमारास, पाच वर्षांखालील मुलांची यादी प्रत्येक पाड्यावर व्हावी. ती मुले ज्या तालुक्यात जाणार तेथील आरोग्य अधिकाऱ्याकडे, मग तो तालुका गुजरातेतला का असेना, ती यादी नावानिशी रवाना व्हावी. आणि भट्टीमालकाने आपल्या आवारात महिन्यातून एक सत्र भरू देणे त्याच्या परवान्याचीच अट व्हावी. जिल्हा परिषदेने येत्या दिवाळीपासून निदान डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत तरी हे करून पाहावे.