उपेक्खा की उपेक्षा

वीसबाडेनच्या कोखब्रुनेनपाशी थंडीतही माणसं रेंगाळतात. जमिनीखालून 66 अंशांचं पाणी वर येतं, वाफ निघत राहते, आणि पाणी वाहतं तो दगड क्षार बसून बसून तांबूस झालाय. मी तोटीचं पाणी पेल्यात घेतलं, निवू दिलं आणि चव पाहिली. खारट. आमच्याकडच्या उनकेश्वरच्या कुंडांची आठवण झाली. लेक शेजारी बाकावर बसली होती. ती इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. रात्रपाळी संपवून, जेमतेम चार तास झोपून ती माझ्याबरोबर बाहेर पडली होती.

"आई, मला हल्ली राग येत नाही," ती म्हणाली.

"मग चांगलंच की. इगतपुरीला दहा दिवस ध्यानाला बसलीस, इथेही रोज बसतेस, ते कशासाठी?"

"चांगलं वाटलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

मग तिनं मंगळवारच्या रात्रीचं सांगितलं. सोबतीची नर्स आजारी, बदली कुणी आलं नाही. 48 म्हातारी माणसं आणि ही एकटी. एका खोलीवरचा लाल दिवा दोन वाजून दहा मिनिटांनी लागला. ही तिथे पोचली तीन वाजता. 91 वर्षांची बाई ओल्या चादरीवर पडून होती. दार उघडल्याबरोबर त्या बाईनेच हिची माफी मागितली. त्रास दिल्याबद्दल.

"मी चादर बदलली, अंग पुसलं, पाणी पाजलं. हात थरथरले नाहीत. श्वासावर लक्ष होतं. आत सगळं शांत होतं, आई. सकाळी घरी येऊन तासभर बसले, तेही छान झालं. आणि उठल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या बाईची माफी ऐकून मला काहीच झालं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये जाऊन रडले असते."

मी गप्प राहिले. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, पण अशा वेळी तयार उत्तराचा मलाच भरवसा वाटत नाही.

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. जर्मनीत अशी एक पद्धत आहे. माणसं इतकी कमी असतील की रुग्णाच्या जिवाला धोका होईल, तर कर्मचाऱ्यानं मालकाला तसं लेखी कळवायचं. त्याला लांबलचक जर्मन नाव आहे, मी अतिभाराची नोटीस म्हणते. कागद सहकारी बाईनं दिला होता. पुढे कर्मचाऱ्यांचं निवडून आलेलं मंडळ, बेट्रिब्सराट, ते प्रकरण हातात घेणार होतं. लेकीने चार दिवस कागद तसाच ठेवला होता.

"का नाही भरलास?"

"आमची वॉर्डप्रमुख वाईट नाही गं. तीही पिचलेली आहे. लिहायला बसले की वाटतं, मी कुणाविरुद्ध तरी मनात काही धरून ठेवतेय. इतकी वर्षं सोडायला शिकले. सगळं अनित्य आहे, हेही जाईल."

"ती रात्र गेली. पण 48 माणसांमागे एक नर्स, हे तर पुढच्या मंगळवारीही असणार. ते कुठे जातंय?"

ती हसली नाही. म्हणाली, "तिथेच तर अडलंय. सूचना फलकावर काय लावलंय माहीत आहे? आख्टसामकाइटचा कोर्स. म्हणजे सजगतेचा. फीचे पैसे आरोग्य विमा बरेचसे परत देतो. माणसं वाढवत नाहीत, श्वास बघायला शिकवतात. आणि मी बघ, ते आधीच शिकून बसलेय. त्यांना हवी तशी नर्स."

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे मन शब्दाकडे धावतं. मी विचारलं, "शिबिरात गुरुजी कोणता शब्द वापरायचे?"

"समता. पालीत उपेक्खा."

"समता म्हटलं की तुझ्या आजोबांना समता सैनिक दल आठवायचं. आणि उपेक्खा मराठीत आली की तिची उपेक्षा होते. आपल्या वस्तीला पेपरवाले काय म्हणायचे? उपेक्षित. ज्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही ते. मूळ शब्दात पाहणंच आहे, ईक्ष् धातू. एकाने जवळ जाऊन पक्षपात न करता पाहिलं, ती उपेक्खा. दुसऱ्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं, ती उपेक्षा."

"पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात."

"आतूनही दिसतात. म्हणून बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात लिहून ठेवलं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा, प्रत्येकीचे दोन शत्रू. दूरचा शत्रू ओळखू येतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, ते कुणालाही कळेल. जवळचा शत्रू तिच्यासारखाच दिसतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली उपेक्खा, जिला काही लागतच नाही कारण तिनं काही नीट पाहिलेलंच नाही."

तिनं कागदाची घडी पुन्हा घातली, पुन्हा उलगडली.

विसुद्धिमग्गाचा विषय निघाला आणि मला या गावाचीच गोष्ट सांगावीशी वाटली. वीसबाडेनमध्ये 1878 साली आंतोन ग्युत नावाचा मुलगा जन्मला. व्हायोलिन वाजवायचा. बुद्धाच्या ओढीनं ब्रह्मदेशात जाऊन तो भिक्खू झाला, नाव ञाणतिलोक. 1904 च्या सुमारास तो सगाइंगच्या डोंगरातल्या गुहेत ध्यानाला गेला, तेव्हा बरोबर आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी होते. बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून 1899 मध्ये घराबाहेर पडलेले. एकाच गुहेत एक जर्मन आणि एक मराठी माणूस श्वास बघत बसलेले!

"पुढे काय झालं त्यांचं?"

"ञाणतिलोक अखेरपर्यंत भिक्खू राहिले, 1957 मध्ये सिलोनात वारले. कोसंबींनी 1906 मध्ये चीवर उतरवलं. संसारात परतले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनाचं काम केलं. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरले. नंतर परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार काढला."

"म्हणजे कोसंबी बरोबर, दुसरे चूक, असं म्हणतेस?"

"नाही म्हणत. जर्मन माणसाच्या हाती विसुद्धिमग्ग दिला तो ञाणतिलोकांनी. आणि त्यांचे शिष्य ञाणपोनिक, इथल्या हानाऊचे, ज्यू. त्यांनी भिक्खू असतानाही 1939 मध्ये आपल्या आईला नाझींच्या तावडीतून सिलोनला आणलं. त्यासाठी त्यांना चीवर उतरवावं लागलं नाही."

ती बराच वेळ वाफेकडे बघत राहिली. मग जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं.

"आई, तुला ठाऊक आहे मी बसायला का शिकले? तुझा राग बघून. शाळेत एका वर्गात सत्तर पोरं, बाक नाहीत, तू अर्ज करायचीस, ऑफिसात भांडायचीस. तुझं खरंच होतं. पण घरी आलीस की भांडी आदळायचीस. एकदा वर्गात एका मुलाला पट्टी मारलीस आणि रात्रभर झोपली नाहीस. मला तसं व्हायचं नव्हतं."

ते खरं होतं. त्या मुलाच्या तळहातावर उठलेला वळ मला आजही दिसतो. त्याने काहीच केलं नव्हतं. चीड होती ऑफिसवर, हात उठला सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लहान माणसावर. त्यानंतर मी विहारात आनापान शिकायला गेले. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं, तिला ते माहीत असेल असंही वाटलं नव्हतं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "त्या रात्री तू चिडलेली असतीस तर चादर हिसकली असतीस. त्या बाईला तुझा शांत हात मिळाला, ते खोटं नाही."

"मग?"

"विनयपिटकातला तो आजारी भिक्खू आठवतो? पोटाच्या विकारानं स्वतःच्या घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद विहारात फिरत तिथे आले. बुद्धाने विचारलं, तुझी सेवा करायला कुणी नाही का? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी बघत नाही. तेव्हा बुद्धाने स्वतः पाणी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं."

"माहीत आहे. ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी, असं म्हणाले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी तूच पत्रात लिहिलं होतंस."

"पण मधला भाग आपण गाळतो. अंग धुवून ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी संघ बोलावला, सगळ्यांसमोर विचारलं, अमुक खोलीत आजारी भिक्खू आहे का, त्याला काय झालंय, त्याच्याजवळ कोण आहे? मग नियम घालून दिला, कुणी कुणाची काळजी घ्यायची ते. तुम्हाला इथे आईबाप नाहीत, एकमेकांचं तुम्हीच बघायचं, म्हणून. रागावल्याचं त्यात कुठे येत नाही. पण प्रश्न एकही सोडला नाही."

लेक हळू म्हणाली, "अमुक खोलीत. काय झालं. जवळ कोण होतं." आणि हातातल्या कागदाकडे बघितलं. मीही वाकून पाहिलं. छापील रकाने होते: तारीख, पाळी, हजर कर्मचारी, रहिवासी किती, कोणतं काम राहिलं, किती वाजता.

"यात मत विचारलेलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तक्रार करायची म्हणजे कुणाला तरी दोषी धरायचं."

"पालीतल्या 'सती'चा अर्थ काय शिकवतात तुम्हाला?"

"जागरूकता."

"मूळ अर्थ स्मृती. लक्षात राहणं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं थकली. पण ती आठवत होती. पेन मागितलं आणि मांडीवर पर्स ठेवून त्यावर लिहू लागली. दोन दहाला तो दिवा लागला तेव्हा ती खालच्या मजल्यावर एका पडलेल्या आजोबांजवळ होती. दोन पंचवीसला दुसरी घंटा, श्वास लागलेली बाई, ऑक्सिजन. दोन चाळीसला इन्सुलिन घेणाऱ्या एकांची साखर घसरली. दोन छप्पन्नला जिना. एकेक मिनिट तिच्याकडे जसंच्या तसं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. दोन छप्पन्नपर्यंत तो शांत होता. तीनच्या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं आणि डोळे भरले.

"ती माफी मागत होती, हे कुठे लिहू?" तिनं विचारलं.

"रकाना आहे का त्याला?"

"नाही."

तिनं नाक पुसलं, कागद आडवा धरला आणि समासात लिहायला घेतलं.